बारा व्होल्टची वाटणी

मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या तहसिलीत गुणवंता बाबूच्या टेबलावर बटवाऱ्याच्या फायली येत. बटवारा म्हणजे वाटणी. बाप गेला आणि भावांच्या चुली वेगळ्या झाल्या, की बारा एकरांचे तुकडे कसे पडले, संत्र्याची झाडं कोणाकडे गेली, बोअरचं पाणी कोणी कधी घ्यायचं, हे सगळं गुणवंताच्या नजरेखालून जायचं. साहेब फक्त सही करत. या कामात गुणवंताचा एकच धर्म होता: तुकड्यांची बेरीज मूळ जमिनीइतकी आली पाहिजे. बारा एकरांतून सव्वाबारा निघाले तर फाइल परत. हा धर्म त्याने संध्याकाळी कार्यालयात ठेवून यावा, तर तेही नाही. घरी पपई कापली तरी तो फोडी वाटायला स्वतः बसायचा. छायाने, म्हणजे त्याच्या बायकोने, यावर बोलणं कधीच सोडून दिलं होतं.

तर अशा माणसाला त्याच्या लेकीने विजेचं गणित विचारलं आणि त्याने ते सांगितलं. खरं तर गोष्ट एवढीच आहे. बाकीचं सगळं त्यातून निघालेलं लफडं.

प्रणाली दहावीत होती. संध्याकाळी ती पुस्तक घेऊन त्याच्यापुढे बसली. चित्र असं होतं: बारा व्होल्टची एक बॅटरी. तिच्यातून वायर निघते आणि पहिल्यांदा दोन ओहमच्या रेझिस्टरमधून जाते. पुढे वायरीला दोन फाटे फुटतात. एका फाट्यावर तीन ओहमचा रेझिस्टर, दुसऱ्यावर सहा ओहमचा. मग फाटे पुन्हा एक होतात आणि वायर बॅटरीत परत. प्रश्न असा, की प्रत्येक रेझिस्टरला किती व्होल्ट मिळतात?

"सिरीज अन् पॅरलल दोन्ही मिक्स आहे, बाबा," प्रणाली म्हणाली. "मॅडमनं घेतलं तवा मी विज्ञान प्रदर्शनीच्या कामात होती. मले सिरीजचं येते, पॅरललचं येते, पण दोन्ही संग आले का डोकं नाही चालून राहिलं."

इथे गुणवंताने "मॅडमले विचार" म्हटलं असतं, तर त्याला रात्री जेवण गोड लागलं असतं. पण गुणवंता एके काळी नागपूरला बी.एस्सी.ला होता. वर्षभरच होता, आणि त्या वर्षाने त्याला जाताना काही दिलं नाही. मग तो गावी येऊन बी.ए. झाला. तरी घरात "बाबा बी.एस्सी.ले होते" हे वाक्य चालत आलं होतं, आणि ते खोटं नसल्यामुळे त्याने कधी अडवलं नव्हतं. त्याने चष्मा लावला.

चित्र पाहताच त्याला ते ओळखीचं वाटलं. अरे, हा तर बटवारा. मोठा भाऊ पुढच्या घरात एकटा राहतो. मागच्या घरात दोघं भाऊ राहतात. घरं दोन, म्हणून आधी निम्मं निम्मं. सहा व्होल्ट मोठ्याला, सहा मागच्या घराला. मागच्या घरातला एक तीनचा, एक सहाचा, म्हणजे एकाला एक हिस्सा तर दुसऱ्याला दोन. सहाचे झाले दोन आणि चार. सहा, दोन, चार. बेरीज बारा.

"पाह्य, बेरीज जुळली," गुणवंता म्हणाला. "बेरीज जुळली का समजाचं, गणित बरोबर. व्होल्ट काय अन् एकर काय, वाटाची रीत एकच राह्यते."

प्रणालीने ते लिहून घेतलं. आत स्वयंपाकघरात छायाने "एकदा मॅडमले दाखवून घे" असं म्हटलं, पण ते बापलेकीपैकी कोणालाही ऐकू आलं नाही. निदान दोघांनीही तसं दाखवलं.

शाळेत केतकी मॅडमने तेच गणित फळ्यावर सोडवलं आणि उत्तर लिहिलं: सहा, सहा आणि सहा. केतकी मॅडम पांढुर्ण्याची. नोकरीला नवीन होती, आवाज हळू होता, पण शिकवताना तिला घाई नसायची. प्रणाली बाकावरून उठली. म्हणाली, मॅडम, टोटल अठरा होते. बॅटरी तर बाराचीच आहे. मॅडमने पुन्हा समजावलं. प्रणाली पुन्हा उठली. मॅडमने तिसऱ्या तऱ्हेने समजावलं, तेव्हा प्रणालीने शेवटचं शस्त्र काढलं.

"माझे बाबा बी.एस्सी.ले होते. अन् ते तहसिलीत आहेत."

हे दुसरं कारण कशासाठी होतं ते तिलाही सांगता आलं नसतं. वर्ग हसला. मॅडम हसली नाही.

"प्रणाली," ती म्हणाली, "पांढुर्ण्याला जिल्ह्याच्या प्रदर्शनीत परीक्षक असेच प्रश्न विचारतील. आपलंच धरून बसणाऱ्या मुलीला मी तिथे कशी पाठवू? शुक्रवारी मला तुझं उत्तर करून दाखव. बाबांना आणायचं तर आण. नाही जमलं तर चूक झाली म्हण. यातलं काहीच नसेल करायचं, तर तुझ्या जागी डिंपलसोबत दुसरं कोणी जाईल."

डिंपल आणि प्रणाली यांनी मिळून लहानमोठी संत्री आपोआप वेगळी करणारी घसरगुंडी बनवली होती. त्यासाठी दोघी महिनाभर सुट्टीच्या दिवशीही शाळेत जात होत्या. घरी येऊन प्रणालीने सगळं सांगितलं.

"बाबा, तुमीच या ना शुक्रवारी. तुमी सांगतलं का मॅडम ऐकतीन."

"येतो ना," गुणवंता म्हणाला. "त्यात काय आहे. प्रयोगच करून दाखवतो."

इथून पुढे त्याला कोणी थांबवू शकलं असतं असं वाटत नाही.

पहिली अडचण सुट्टीची. शुक्रवारी अर्धा दिवस हवा होता आणि गुणवंताच्या किरकोळ रजा लग्नांत आणि बारशांत केव्हाच संपल्या होत्या. हेड बाबूने अर्ज वाचला, "मुलीच्या शाळेत व्होल्टेज समजावणे" या कारणाखाली पेनाने हळूच रेघ ओढली, आणि सांगितलं की असं कारण साहेबांपुढे नेलं तर ते आपल्या दोघांच्याही तोंडाकडे पाहतील. मग त्याने डोकं लढवलं. हेड बाबूचं डोकं अशाच कामात चालायचं. "रजा घेताच कायले? सरकारी कामावर जा. विद्युत सुरक्षा जागरूकता. आपल्याकडून शाळेले पत्र जाईन, का आमचे बाबू मार्गदर्शन कराले येऊन राहिले."

गुणवंता नको नको म्हणाला, पण फार जोरात म्हणाला नाही. मार्गदर्शन हा शब्द त्याला गोड लागला होता. दुपारपर्यंत पत्र टाइप झालं, साहेबांनी दुसऱ्या कागदांबरोबर त्यावरही सही केली, आणि त्यावर जावक क्रमांक पडला. जावक क्रमांक पडलेलं पत्र गुणवंताने आपल्या नोकरीत परत आलेलं पाहिलं नव्हतं.

दुसरी अडचण सामानाची. बस स्टँडजवळच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातून त्याने दोन, तीन आणि सहा ओहमचे रेझिस्टर आणले. ते तिळाएवढे होते. ते लावायला पाटी हवी, म्हणून घरात शोधाशोध झाली आणि शेवटी पोळपाट सापडला. छाया बाजारात गेली होती. गुणवंताने पोळपाटावर खिळे ठोकले, चित्राप्रमाणे वायरी ओढल्या, आपल्या स्कूटरची बॅटरी काढून आणली आणि जोडली. आधी वास आला. मग दोन ओहमवाल्यातून धुराची एक बारीक रेघ निघाली, मग तोच लाल झाला, आणि पोळपाटाच्या बरोबर मधोमध काळा डाग उमटला.

छाया पिशव्या घेऊन दारात उभी होती. तिने पोळपाट पाहिला, खिळे पाहिले, नवऱ्याला पाहिलं.

"आता पोळ्या कशावर लाटू जी? व्होल्टवर?"

त्या दिवशी घरात भात झाला. पोळपाट तसाही वाया गेला होता, तेव्हा तो प्रयोगालाच राहू द्यावा असं ठरलं.

धुराच्या वासाने शेजारी आले. शेजारी म्हणजे उजवीकडचा शालिकराम, संत्र्याचा व्यापारी, आणि समोरचे कवडूजी, जे वीज खात्यात घरोघरी मीटरचं रीडिंग घेऊन रिटायर झाले होते. दोघांनी पोळपाटाभोवती खुर्च्या ओढल्या. गुणवंताने त्यांना मुद्दा समजावला. मॅडम म्हणते सहा, सहा आणि सहा.

"म्हणजे अठरा," शालिकराम म्हणाला. "मी इथून बारा पेट्या संत्रा भरून गाडी पाठवली अन् नागपूरच्या मंडीत अठरा उतरल्या, असं होत असतं तर मी तुमच्या शेजारी राह्यलो असतो का?"

हे बिनतोड होतं. कवडूजींनी मान डोलावली. त्यांचं म्हणणं असं पडलं, की रेझिस्टर बारका होता म्हणून जळला. जाड आणा, पांढऱ्या खडूसारखे येतात ते आणा. आणि व्होल्ट मोजायला त्यांच्याकडचं हातातलं छोटं मीटर घ्या. "पण मीटरवर जास्त भरोसा नको ठेवजो, गुणवंता. माह्या जिनगानीत मीटरपायी लोकायनं माह्याशी जेवढी भांडणं केली, तेवढी कोणापायी नाही केली."

पांढरे, जाड रेझिस्टर पांढुर्ण्याहून मागवावे लागले. सकाळच्या गाडीने अप-डाउन करणाऱ्या एका कारकुनाने ते आणले आणि आणताना संपूर्ण बसला ते कशासाठी आहेत हे सांगितलं. त्यामुळे गुरुवारी तहसिलीत जो तो गुणवंताला थांबवून "का बाबू, ऐकलं का उद्या लेक्चर आहे" असं विचारू लागला. गुणवंता हसून "असंच जरासं" म्हणायचा. हे "असंच जरासं" पुढे त्याला फार दिवस टोचणार होतं.

गुरुवारी तो लवकर घरी आला. प्रणाली अजून शाळेतच होती. शालिकराम आणि कवडूजी आधीच येऊन बसले होते. जाड रेझिस्टर जोडले. या वेळी धूर नाही. कवडूजींनी मीटरच्या दोन टाचण्या दोन ओहमवाल्याच्या दोन टोकांना लावल्या. सहाच्या आसपास.

"बरोबर," गुणवंता म्हणाला. "मोठ्या भावाचे सहा."

मग तीन ओहमवाल्याला लावल्या. इथे दोन यायला हवे होते. मीटरने सहा दाखवले. सहा ओहमवाल्याला लावल्या. सहा.

कवडूजींनी मीटर हलवलं, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि पुन्हा लावलं. सहा. शालिकरामने बॅटरीवर संशय घेतला. कवडूजींनी मीटरवर घेतला, आणि आपण हे आधीच सांगितलं होतं याची आठवण दिली. शेवटी दोघांनी मिळून मीटर खराब असल्याचा निकाल दिला, चहा घेतला आणि ते आपापल्या घरी गेले. गुणवंता पोळपाटापुढे बसून राहिला.

त्याने प्रणालीचं पुस्तक उघडलं आणि धडा पहिल्या पानापासून वाचला. हे काम त्याने पहिल्या दिवशी केलं असतं तर पोळपाट वाचला असता. पुस्तकात लिहिलं होतं की फाट्यावर वाटला जातो तो प्रवाह. व्होल्ट म्हणजे दोन जागांमधला फरक. तीनवाला आणि सहावाला, दोघांचीही टोकं त्याच दोन जागांना बांधलेली होती. त्याने पोळपाटावर बोट ठेवून पाहिलं. खरंच, त्याच दोन खिळ्यांना. एका विहिरीत दोघांनी दोन दोर सोडले म्हणजे पाणी दोघांत वाटलं जातं, विहिरीची खोली वाटली जात नाही. दोघांच्याही दोराला सारखंच खाली जावं लागतं. दोघांना सहा. आणि अठरा ही बेरीज करायचीच नव्हती. वाटेने जाताना एका फाट्यानेच जायचं होतं. सहा आणि सहा, बारा. कोणत्याही फाट्याने गेलं तरी बारा.

इतकं साधं होतं. गुणवंताच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. खोलीत कोणी नव्हतं, तरी त्याने पुस्तक उलटं ठेवलं.

आता सरळ मार्ग असा होता, की लेक आली की तिला सांगायचं. ती आली. पोळपाटावर या वेळी नीट बसलेल्या वायरी आणि ते पांढरे रेझिस्टर पाहून तिचा चेहरा उजळला.

"बाबा, माह्यासाठी तुमी एवढं केलं?"

गुणवंता म्हणाला, "मग."

जेवताना तो सांगणार होता, पण छायाने पोळपाटाचा विषय काढला. जेवण झाल्यावर सांगणार होता, तर प्रणाली म्हणाली की वर्गातल्या पोरींना तिने सांगून ठेवलंय, उद्या पाहशील माझ्या बाबाले. यानंतर सांगायचं कसं, हे त्याला समजेना. त्याने मनाला समजावलं की सकाळी सांगू. सकाळी त्याच्या डोक्यात एक दुसरीच युक्ती आली, आणि ती युक्ती आल्याबरोबर त्याला हलकं वाटलं. त्या हलकं वाटण्याची त्याला पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली.

स्कूटरची बॅटरी काढलेली, म्हणून शालिकरामने आपल्या पिकअपमधून त्याला शाळेत नेलं. मागे संत्र्याच्या रिकाम्या पेट्या, पुढे मांडीवर पोळपाट घेऊन गुणवंता. शाळेच्या फाटकाशी चपराशी हार घेऊन उभा होता. तहसिलीचं पत्र शाळेने फार गंभीरपणे घेतलं होतं. दहावीच्या वर्गात टेबलावर चादर अंथरली होती, फळ्यावर रंगीत खडूने "स्वागतम्" लिहिलं होतं, आणि प्राचार्य स्वतः हजर होते. आपल्याकडे पाहुणा आला की त्याला शाल आणि नारळ दिल्याशिवाय कोणाला चैन पडत नाही; तो काय बोलणार आहे हे नंतर पाहता येतं. प्राचार्यांनी हिंदीत भाषण केलं, तहसील कार्यालयाचे आभार मानले, आणि गुणवंताच्या खांद्यावर शाल घातली. टाळ्या झाल्या. प्रणाली सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होती.

केतकी मॅडमने नम्रपणे त्याला टेबल मोकळं करून दिलं. गुणवंताने पोळपाट मांडला. वर्गात खसखस पिकली. त्याने बॅटरी टेबलाखाली ठेवली, वाकून लाल वायर घट्ट बसवली, आणि काळ्या वायरीची क्लिप टोकाला जेमतेम लागणार नाही अशी ढिली ठेवली. हीच ती युक्ती. मीटर काही दाखवणार नाही, बॅटरी उतरली म्हणायचं, बाकी पुन्हा कधी तरी, असं म्हणून निघायचं. मॅडमचंही राहील, आपलंही राहील.

त्याने टाचण्या लावल्या. मीटरवर शून्य. दुसरीकडे लावल्या. शून्य.

"बॅटरी उतरली वाटते," गुणवंता म्हणाला. शाल घसरली, ती त्याने सावरली.

"असू द्या ना, सर," मॅडम लगेच म्हणाली. तिचाही जीव भांड्यात पडल्यासारखा दिसला. "होतं असं. आपण चहा घेऊ."

पण प्रणाली बाकावरून उठून पुढे आली होती. बाबांना मदत करायची म्हणून ती टेबलाखाली वाकली. तिचा हात काळ्या क्लिपेपर्यंत गेला आणि थांबला. तिने खालूनच वर पाहिलं. गुणवंताने नजर दुसरीकडे फिरवली, आणि ती फिरवली हे तिला दिसलं.

ती क्लिप तशीच सोडून उभी राहिली. वर्गाकडे तोंड करून म्हणाली, "मॅडम, बाबांनी बरोबर सांगतलं होतं. मीच उलटं ऐकलं. सहा, सहा अन् सहाच येते. माझी चूक झाली. सॉरी."

वर्गात कुजबुज झाली. कोणी तरी मागून "मग एवढी भांडत कायले होती" असं म्हणालं. प्रणालीने मान खाली घातली.

"चूक मान्य केली, बरं झालं," मॅडम म्हणाली. "पण प्रणाली, सांगितलेलं नीट न ऐकता तू आठवडाभर सगळ्यांशी भांडलीस. बाबांना इथपर्यंत यायला लावलंस. प्रदर्शनीचा मला पुन्हा विचार करावा लागेल."

"जी, मॅडम," प्रणाली म्हणाली. डिंपल पहिल्या बाकावर बसून नखं खाऊ लागली.

खांद्यावरची शाल गुणवंताला एकदम जड झाली. तो उभा राहिला.

"मॅडम, पोरीची चूक नाही. मीच चुकीचं सांगतलं होतं. सहा, दोन, चार. मीच."

प्राचार्यांनी मान हलवत वर्गाकडे हात केला. "देखा बच्चों? पिता ऐसा होता है. बेटी की गलती अपने ऊपर ले ली." आणि त्यांनी टाळ्या सुरू केल्या. वर्गाने साथ दिली. चपराशीसुद्धा दारातून टाळ्या वाजवू लागला.

"नाही जी, खरंच," गुणवंता म्हणाला. "मले खरंच वाटत होतं का व्होल्ट वाटले जातात." कोणी ऐकेना. मग तो फळ्याकडे गेला, "स्वागतम्"खाली चित्र काढलं आणि आपलं मूळ गणित जसंच्या तसं मांडलं. हा मोठा भाऊ. हे मागचं घर. निम्मं निम्मं. मग हा तीनचा, हा सहाचा, एक हिस्सा, दोन हिस्से. सहा, दोन, चार. बेरीज बारा. घाम पुसत तो वळला. पोरं हसून लोळत होती. इतकं मजेदार त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

"वा," प्राचार्य म्हणाले. "गलती कैसे होती है, यह भी कितना बढ़िया समझाया."

पुन्हा टाळ्या. आयुष्यात पहिल्यांदा गुणवंता आपलं अज्ञान पुराव्यानिशी सादर करत होता, आणि त्याची फाइल कोणी दाखल करून घेत नव्हतं. प्रणाली बाकाशी उभी होती आणि डोळ्यांनी त्याला सांगत होती, बसा आता, बाबा, पुरे झालं. त्याला ते समजत होतं. बसला असता तर सगळं आटोपलं असतं.

तेवढ्यात डिंपलने हात वर केला. "अंकल, एक विचारू? यातला सहा ओहमवाला काढून टाकला, तर बाकीच्यांचं काय होईल?"

साधा प्रश्न होता, तिने खरंच विचारला होता. प्राचार्यांनी खुर्चीत पाठ टेकली. गुणवंताने फळ्याकडे पाहिलं. मागच्या घरातला एक भाऊ निघून गेला. त्याचा हिस्सा कोणाला? दुसऱ्या भावाचे सहाचे सहाच राहतात की वाढतात? मोठ्या भावाच्या सहाचं काय? त्याने खडू वर नेला आणि तो तिथेच राहिला. काल वाचलेल्या धड्यातलं काही आठवेना. फळ्यावर खडूचा नुसता एक ठिपका पडला होता. मागच्या बाकांवर कोणी तरी पुन्हा हसण्याच्या तयारीत होतं, ते थांबलं.

"मले नाही येत," गुणवंता म्हणाला.

या वेळी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. खोटी कबुली देणाऱ्या माणसाचा आवाज निराळा असतो, आणि हा तसा नव्हता, हे पोरांनाही समजलं. केतकी मॅडमने मान खाली घातली. तिलाच लाजल्यासारखं झालं. प्राचार्य घड्याळाकडे पाहू लागले. गुणवंताचे कान, मान, शालीखालची पाठ, सगळं तापलं होतं. कुठे पाहावं ते समजेना म्हणून तो पोळपाटावरच्या काळ्या डागाकडे पाहत राहिला.

प्रणाली पुढे आली. ती टेबलाखाली वाकली, पाठीआड काळी क्लिप दाबून बसवली, कोणाला दिसणार नाही अशी. मग सहा ओहमवाल्याची एक वायर खिळ्यावरून सोडली आणि मीटरच्या टाचण्या हातात घेतल्या.

"फाटा राहिलाच नाही," ती म्हणाली. "दोन अन् तीन, पाच ओहम एका रांगेत. पयल्याचे कमी होतात, पाचाच्या आत येतात. तीनवाल्याचे वाढतात, सातच्या वर जातात." तिने टाचण्या लावल्या. मीटरने तेच दाखवलं. "मले सहा-सहा-सहाचं मंगळवारीच समजलं होतं, मॅडम. डिंपलनं समजावलं. पण बाबा पोळपाटावर खिळे ठोकून राहिले होते."

मॅडमने फळा पुसायला घेतला. सहा, दोन आणि चार तिने पुसले, मोठ्या भावाचं घरही पुसलं, आणि पाठमोरीच म्हणाली, "प्रणाली, डिंपल, सोमवारी पांढुर्ण्याची बस सकाळचीच आहे. दोघींनी उशीर करू नका."

मग चहा आला, आलूबोंडे आले. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं म्हणून गुणवंताने एक घेतला. प्राचार्यांनी नारळ आठवणीने त्याच्या हातात दिला. शाल परत कशी करतात, याची काही पद्धत त्याला माहीत नव्हती.

फाटकाशी तो पिकअपची वाट पाहत उभा राहिला. काखेत पोळपाट, एका हातात बॅटरी, दुसऱ्यात नारळ. मैदानावर लहान वर्गातली पोरं रांगेत उभी होती. प्रणाली धावत आली. त्याला वाटलं निरोप द्यायला आली असेल.

"बाबा," ती हळू आवाजात म्हणाली, "ती क्लिप तुमीच ढिली ठेवली होती ना?"

पिकअपमध्ये हादरे बसले असतील, हे वाक्य गुणवंताच्या जिभेवर आलं होतं.

"हो," तो म्हणाला.

प्रणालीने मागे वळून कोणी ऐकत नाही ना ते पाहिलं.

"मी कोणाले नाही सांगत. आईलेही नाही. तुमीही नका सांगू."

त्याचे दोन्ही हात अडकलेले होते. खांद्यावरून घसरलेली शाल तिनेच सारखी केली आणि ती वर्गाकडे गेली. शालिकरामने गाडी आणून हॉर्न वाजवला, तरी गुणवंताला मान वर करवेना.